ओम्नीचे इंजिन बदलले, पण गाडी चालू होईना : तीन आठवड्यांच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

माझ्या थोरल्या बंधूंची मारुती ओम्नी व्हॅन ही त्यांची गाडीही आहे आणि दुकानही. बांगड्या, कंगवे, टिकल्या आणि लहान मुलांची खेळणी भरून ते अंबाजोगाई, केज, धारूर आणि परळी या भागातले आठवडी बाजार करतात. दिवाळीच्या आधी केजच्या रस्त्यावर रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. पाणी संपल्याचे लक्षात न आल्यामुळे गाडी आणखी तीन-चार किलोमीटर चालली आणि इंजिन जाम झाले. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवल्यावर दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन चिकटलेला आणि हेडचा पृष्ठभाग वाकलेला आढळला. बोअरिंग, पिस्टन आणि हेडचे काम मिळून सुमारे २४,००० रुपयांचा अंदाज मिळाला, तर लातूरला जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात त्याच प्रकारचे, म्हणजे तीन सिलिंडरचे ७९६ घन सेंटिमीटरचे कार्ब्युरेटरवाले इंजिन १४,५०० रुपयांना मिळाले. आम्ही ते घेतले आणि बसवण्याचे काम मी अंगावर घेतले. मी महाविद्यालयात नोकरी करतो. गाड्यांची कामे हौसेने करत आलो आहे, परंतु पूर्ण इंजिन बदलण्याची ही पहिलीच वेळ आहे.

मुदत स्पष्ट आहे. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचा महोत्सव असतो आणि यंदा पौर्णिमा १५ डिसेंबरला आहे. त्या दिवसांतल्या विक्रीवर दादांच्या घरची पुढची दोन-तीन महिन्यांची गणिते बसतात. ते एवढेच म्हणाले, "यात्रेच्या आधी गाडी उभी कर बाबा, बाकी तुला लागेल तेवढा वेळ घे."

ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते आणि ते गिअरबॉक्ससह खाली उतरवावे लागते. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून, शेजाऱ्यांची चेनपुली आणून, भाच्याच्या मदतीने आज संध्याकाळी सहापर्यंत जुने इंजिन जमिनीवर आणले. वायरी सोडवताना मी त्यांना चिठ्ठ्या बांधल्या नाहीत, फक्त मोबाइलवर दोन छायाचित्रे घेतली. आता पाहिले तर दोन्हींत अर्धे कनेक्टर पाइपांच्या मागे लपलेले आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही इंजिने शेजारी ठेवून दिवसभर काम केले. आणलेल्या इंजिनाला विक्रेत्याने चंदेरी रंग मारलेला आहे आणि तो बोल्टांच्या बैठकांवरही गेलेला आहे. क्लच प्लेट, मागचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि टॅपेट कव्हरचे गॅस्केट नवे घातले. बेल्टच्या खुणा तीन वेळा तपासल्या आणि हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा जुळवून पाहिल्या. कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) आणि डेल्को (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) हे जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर बसवले. एसी पंप, म्हणजे कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोलचा पंप, मात्र आणलेल्या इंजिनावर होता तोच राहू दिला, कारण तो आपल्या पंपापेक्षा स्वच्छ दिसत होता. डेल्को बसवताना पुलीची खूण टॉपला, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाच्या जागेवर, आणली आणि डेल्कोच्या आत फिरणारा रोटर पहिल्या सिलिंडरच्या टोकाकडे ठेवला.

वेळ नऊ तास.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अर्धा दिवस रजा घेतली. इंजिन वर चढवून तिन्ही माउंट, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर, पाण्याचे पाइप आणि केबली जोडल्या. संध्याकाळी साडेसात वाजता किल्ली फिरवली. सेल्फने "टक्" आवाज केला, इंजिन अर्धा फेरा अत्यंत सावकाश फिरले आणि थांबले. पुन्हा तेच. बॅटरी महिनाभर पडून होती, त्यामुळे तीच उतरली असेल असे मी ठरवले.

१९ व २० नोव्हेंबर

विधानसभा निवडणुकीच्या कामावर नेमणूक होती. मंगळवारी सकाळी साहित्य ताब्यात घेण्यासाठी गेलो तो मतदान संपवून बुधवारी मध्यरात्रीनंतर घरी आलो. माझ्या सांगण्यावरून दादांनी मंगळवारीच ३,६०० रुपयांची नवी बॅटरी आणून ठेवली होती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नवी बॅटरी लावूनही इंजिन तसेच रेंगाळत फिरते. म्हणजे बॅटरी घेण्याआधी मीटर लावून पाहणे आवश्यक होते आणि मी ते केले नाही. जुन्या बॅटरीचा दाब आज मोजला तर उभ्या स्थितीत १२.५ व्होल्ट आला. ती रात्रभर चार्ज केली असती तरी पुरले असते.

यानंतर माझा संशय इंजिनावरच गेला. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचे मीटर, मागून आणला आणि तिन्ही सिलिंडरांत लावला. आकडे ७०, ६५ आणि ७० पौंड आले. एवढ्या कमी दाबावर इंजिन चालू होणे शक्य नाही, म्हणून विक्रेत्याला फसवणूक केल्याबद्दल फोनवर बरेच बोललो. सात दिवसांत परत आणून द्या, वाहतूक तुमची, असे तो म्हणाला. इंजिन पुन्हा उतरवायचे, लातूरपर्यंत न्यायचे आणि दुसरे शोधायचे, या विचाराने रात्री झोप लागली नाही. दादा काही बोलले नाहीत, पण जेवायला बसले नाहीत.

हे आकडे खोटे होते. इतरांनी ही चूक करू नये म्हणून येथेच सांगतो : कॉम्प्रेशन मोजताना एक्सलरेटर पूर्ण दाबून ठेवलेला असावा लागतो, म्हणजे हवा आत येते, आणि इंजिन झपाझप फिरावे लागते. माझा एक्सलरेटर सोडलेला होता आणि इंजिन रेंगाळत होते. त्या स्थितीत चांगले इंजिनही मेलेले दिसेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एका अपघाती गोष्टीने मार्ग दाखवला. भाचा सेल्फ मारत होता आणि मी कार्ब्युरेटरपाशी हात ठेवून वाकलो होतो, तेव्हा चोकच्या केबलने हाताला चटका बसला. चोकची केबल तापण्याचे एकच कारण असू शकते : सेल्फचा सगळा करंट परत जाण्यासाठी त्या बारीक तारेतून वाट काढत होता. इंजिन रबरी माउंटांवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध मुख्यतः अर्थच्या जाड पट्टीतूनच येतो.

गाडीखाली सरकून पाहिले तर ती पट्टी बॉडीच्या बाजूने व्यवस्थित जोडलेली होती आणि तिचे दुसरे टोक चॅसिसच्या आडव्या पत्र्यावर निवांत पडलेले होते. गिअरबॉक्सच्या ज्या बोल्टखाली ते असायला हवे, तो बोल्ट मी सोमवारी पट्टीशिवायच आवळून टाकला होता. खात्रीसाठी पट्टी जोडण्यापूर्वी मीटर लावला : सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा गाभा यांच्यामध्ये ४.८ व्होल्ट. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा लागतो. बैठक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, सेल्फच्या बैठकीवरचा चंदेरी रंगही खरवडून काढला, पट्टी आवळली आणि पुन्हा मोजले. ०.२ व्होल्ट. इंजिन पहिल्यांदाच जोमाने फिरले. तापलेल्या केबलचे प्लास्टिकचे अस्तर आतून वितळल्यामुळे ती २२० रुपयांना नवी घ्यावी लागली.

लगेच कॉम्प्रेशन पुन्हा मोजले, या वेळी एक्सलरेटर पूर्ण दाबून : १५०, १४५, १५०. इंजिन निर्दोष आहे. विक्रेत्याला फोन करून क्षमा मागितली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मतमोजणीचा दिवस असल्याने आजूबाजूच्या घरांतून टीव्हीचे आवाज येत होते, परंतु शेडमध्ये मला शांतता मिळाली. इंजिन चांगले फिरते, पण पेटत नाही. प्लग काढून, वायरीला लावून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला : ठिणगी नाही. डेल्को उघडण्याआधी टेस्टिंग लॅम्प घेऊन मागे मागे गेलो आणि तो क्रम योग्य ठरला. किल्ली चालू असताना ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलच्या धन टोकावर करंटच नव्हता, फ्यूज मात्र शाबूत होता. मधल्या कनेक्टरची दोन्ही अंगे नीट बसलेली दिसत होती, पण ती ओढून पाहिल्यावर एक पिन आपल्या खोबणीतून मागे सरकलेली निघाली. इंजिन उतरवताना मी कनेक्टरची कळ न दाबता वायर धरून ओढली होती. पिनेची जीभ सुईने उचलून ती पुढे ढकलली आणि "कट्" आवाजासह ती बसली. प्लगवर निळसर ठिणगी आली. शोधायला दोन तास लागले, दुरुस्तीला दोन मिनिटे.

त्यानंतर सेल्फ मारला आणि कार्ब्युरेटरमधून मोठ्या आवाजासह ज्वाला बाहेर आली. एअर फिल्टरचा रबरी पाइप कडेला होरपळला. ओले पोते जवळ ठेवलेले असल्यामुळे पुढचे टळले. हे काम करणाऱ्यांनी एअर फिल्टर उघडा ठेवून कार्ब्युरेटरवर वाकू नये आणि ओले पोते व वाळूची बादली हाताशी ठेवल्याशिवाय किल्ली फिरवू नये, हे मी कळकळीने सांगतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा संपूर्ण दिवस वाया गेला. सकाळी प्लगच्या वायरी तपासल्या. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे आणि मी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने डेल्कोच्या टोपीवर १-२-३ अशा वायरी लावल्या होत्या. ती चूक सुधारली आणि आता गाडी नक्की चालू होईल असे दादांना सांगूनही टाकले. परंतु इंजिनाने पुन्हा बॅक मारला, म्हणजे कार्ब्युरेटरमधून उलटा भडका दिला.

एका परिचिताने फोनवर सांगितले की डेल्को उलटा बसला असेल, तर तो काढण्याची गरज नाही. टोपीवरच्या वायरी समोरासमोर बदलून टाकाव्यात. चार सिलिंडरच्या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला आहे आणि तिथे हा उपाय खरोखर चालतो. मी मात्र तो ओम्नीवर चालवू पाहत दुपार घालवली. वायरी एका घराने पुढे सरकवल्या, मग दोन घरांनी सरकवल्या. प्रत्येक वेळी इंजिन कधी बॅक मारी, कधी उलटा झटका देई, कधी काहीच करीत नसे. चारपर्यंत प्लग पेट्रोलने भिजले आणि नवी बॅटरीही उतरली. प्लग काढून तव्यावर सुकवले, बॅटरी चार्जिंगला लावली आणि शेड बंद केले.

या आठवड्यातही दादांचे दोन बाजार बुडाले. माल टेम्पोने नेण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून ते गेलेच नाहीत.

२५ व २६ नोव्हेंबर

काम केले नाही. रात्री वहीवर तीन सिलिंडरची आकृती काढत बसलो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बसस्थानकाच्या मागे पूर्वी गॅरेज चालवणाऱ्या आणि आता वयोमानाने काम सोडलेल्या मिस्त्रींना विनंती करून संध्याकाळी शेडवर आणले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला विचारले, "सर, टॉप लावला तेव्हा भोकात बोट घातलं होतं का?" मी पुलीची खूण पाहिली होती, बोट घातले नव्हते.

सगळी चूक त्या एका प्रश्नात होती. पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला येतो : एकदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना कॉम्प्रेशनच्या शेवटी, आणि एकदा जळालेला वायू बाहेर टाकून झाल्यावर. पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच दिसते. मी दुसऱ्या टॉपला डेल्को बसवला होता. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी अशा क्षणी पडत होती, ज्या क्षणी इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो, आणि पेटलेला वायू सरळ कार्ब्युरेटरकडे धाव घेत होता.

वायरी बदलून हे का सुधारले नाही, तेही वहीतल्या आकृतीवरून आता उमगले. चार सिलिंडरच्या टोपीवर प्रत्येक टोकाच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, दुसरे टोक असते. म्हणून वायरी समोरासमोर बदलल्या की डेल्कोची चूक भरून निघते. तीन सिलिंडरच्या टोपीवर टोके १२० अंशांवर असतात आणि कोणत्याही टोकाच्या बरोबर समोर दोन टोकांमधली रिकामी जागा येते. वायरी कशाही लावल्या तरी १८० अंशांची चूक १२० किंवा २४० अंशांनी दुरुस्त होत नाही. तीन सिलिंडरमध्ये डेल्को बाहेर काढून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. हे वाक्य मला रविवारी सकाळी कोणी सांगितले असते, तर एक पूर्ण दिवस वाचला असता, आणि या नोंदी लिहिण्यामागे तेच मुख्य कारण आहे.

कृती अशी केली. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरला, भाच्याने गोटी पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. हवेने अंगठा जोरात ढकलला, तेव्हापासून पुढे खूण जुळेपर्यंत आणले. डेल्को उपसला. त्याच्या दांड्याचे दाते तिरपे असल्यामुळे आत जाताना रोटर थोडा वळतो, म्हणून मिस्त्रींनी रोटर जितका वळणार तितका आधीच मागे धरून डेल्को सोडला आणि तो बसल्यावर रोटर बरोबर पहिल्या टोकासमोर आला. दुसऱ्या प्रयत्नात हे जमले. एकंदर बारा-पंधरा मिनिटे.

कार्ब्युरेटरमध्ये सिरिंजने थोडे पेट्रोल सोडून किल्ली फिरवली आणि इंजिन लागलीच चालू झाले. चार-पाच सेकंद स्वच्छ आवाजात चालून ते बंद पडले. पुन्हा सिरिंज, पुन्हा चार सेकंद. म्हणजे ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक, पेट्रोल पोहोचत नाही. अंधार झाला होता आणि वीजही गेली, म्हणून थांबलो. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केल्यावर चहा घेतला.

३० नोव्हेंबर, शनिवार

कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि कार्ब्युरेटरकडे येणारा पाइप पारदर्शक बाटलीत सोडून सेल्फ मारायला सांगितला. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. इथे थेंब पडत होते. टाकीकडून येणारा पाइप फुंकून पाहिला, तो मोकळा होता. टाकीतले जुने पेट्रोल आधीच काढून पाच लिटर नवे घातले होते.

एसी पंप उतरवल्यावर कारण दिसले. आणलेल्या इंजिनावर पंप आणि हेड यांच्यामध्ये जाड ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून चार कागदी गॅस्केट चिकटवलेली होती. त्यामुळे पंप बाहेर राहिला होता आणि त्याची दांडी कॅमशाफ्टला जेमतेम टेकत होती. शिवाय पंप बराच काळ कोरडा पडल्यामुळे आतला पडदाही ताठरला होता. दादांच्या जुन्या इंजिनावरचा पंप, त्याच्या स्वतःच्या ठोकळ्यासह आणि दोनच नव्या गॅस्केटांसह बसवला. बाटलीत जोरदार पिचकारी आली. दिसण्यावरून पंप निवडल्याची किंमत तीन दिवस आणि गॅस्केटचे ६० रुपये एवढी झाली.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी इंजिन चालू झाले आणि चालूच राहिले. दादा बाहेर तुरीच्या कडेला उभे होते. ते आत आले, गाडीवर हात ठेवून थरथर अनुभवत काही क्षण उभे राहिले आणि मग घरी फोन लावायला गेले.

१ डिसेंबर, रविवार

मिस्त्री पुन्हा आले. टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून, क्लचवरच्या घंटेसारख्या झाकणाच्या खिडकीतून फ्लायव्हीलची खूण पाहत त्यांनी डेल्को किंचित फिरवून आवळला. नुसत्या कानाने लावलेले टायमिंग मला ठीक वाटत होते, परंतु खूण बरीच पुढे गेलेली होती. पाण्यातली हवा काढण्यासाठी रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवले आणि तीन वेळा पाणी भरले. आधीचे इंजिन पाणी संपल्यामुळेच गेले असल्याने खालचा-वरचा दोन्ही पाइप आणि क्लिपा नव्या घातल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

परळीपर्यंत जाऊन परत आलो. घाटातल्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढ चांगली, तापमानाचा काटा मध्याच्या खाली. परत आल्यावर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात तेलाचा ओलावा दिसला. कव्हरचे बोल्ट एकसारखे आवळले. दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे आहे.

७ डिसेंबर, शनिवार

ओलावा थांबला आहे. खर्च असा झाला : इंजिन १४,५००, लातूरहून आणण्याचे भाडे १,८००, क्लच प्लेट १,६५०, बेल्ट, सील आणि गॅस्केट मिळून १,२४०, इंजिन ऑइल व कूलंट १,७००, पाइप व क्लिपा ५८०, चोकची केबल २२०, पंपाची गॅस्केट ६०, वाया गेलेले व नवे पेट्रोल सुमारे १,१००. एकूण २२,८५०. गरज नसताना घेतलेली बॅटरी ३,६०० ची वेगळी. दादांचे बुडालेले बाजार या हिशेबात धरलेले नाहीत. माझे एकंदर ४१ तास गेले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे केवळ गाडी का चालू होत नाही हे शोधण्यात गेले.

इंजिनाचा क्रमांक बदलल्यामुळे नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. इंजिनाच्या खरेदीची पावती आणि अर्ज घेऊन सोमवारी अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात जाणार आहे. इंजिनावरच्या क्रमांकाचे पेन्सिलने घासून घेतलेले छाप मी ते वर चढवण्याआधीच घेतले होते. गाडीत बसल्यावर ती जागा हाताला लागत नाही, म्हणून हे काम इंजिन जमिनीवर असतानाच उरकावे.

आज दुपारी दादांनी मागची आसने काढून बांगड्यांचे खोके भरले. उद्या पहाटे देवळाच्या रस्त्यावर जागा धरायला ते जातील. जुनी बॅटरी चार्ज करून गाडीत सोबत दिली आहे.